नमुना मतपत्रिका घरोघरी पोहोचली, तरीही मते वाया गेली : पाम बीच काउंटी, २०००

पार्श्वभूमी

मतदानापूर्वी मतदाराच्या हाती मतपत्रिकेचा नमुना द्यावा, अशी तरतूद अमेरिकेतील अनेक राज्यांच्या निवडणूक कायद्यांत आहे. आपल्याकडील वाचकाला ही तरतूद काहीशी चैनीची वाटण्याचा संभव आहे. पण तेथील मतपत्रिका पाहिली की तिची गरज लगेच पटते. एकाच दिवशी, एकाच मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्ष, सिनेटर, प्रतिनिधीगृहाचा सदस्य, राज्य विधिमंडळाचे सदस्य, काउंटीचे अधिकारी, काही ठिकाणी न्यायाधीश आणि त्यावर घटनादुरुस्तीचे लांबलचक प्रस्ताव अशी वीस-पंचवीस प्रश्नांची उत्तरे मतदाराने द्यायची असतात. मतदान कक्षात उभ्या उभ्या हे सारे पहिल्यांदा वाचून निर्णय घेणे कोणालाही जड जाईल. म्हणून कॅलिफोर्नियासारख्या राज्यात नमुना मतपत्रिका मतदानाच्या ४० ते १० दिवस आधी टपालाने पाठवली जाते आणि ती मूळ मतपत्रिकेची जवळजवळ हुबेहूब प्रत असली पाहिजे, असे कायदा सांगतो.

फ्लोरिडातील पाम बीच काउंटीत नोव्हेंबर २००० मध्ये घडलेले प्रकरण या तरतुदीच्या मर्यादा जितक्या स्पष्टपणे दाखवते तितके दुसरे क्वचितच दाखवत असेल. तेथे कायद्याने सांगितलेली माहिती मतदारांना मिळाली होती. पक्षांनाही मिळाली होती. मतदानापूर्वी दखल घ्यावी लागेल असा आक्षेप कोणीही घेतला नाही. तरीही राष्ट्राध्यक्षपदासाठीची हजारो मते बाद ठरली आणि आणखी काही हजार मते बहुधा भलत्याच उमेदवाराला गेली. अधिकाऱ्यांची, न्यायाधीशांची आणि वादींची नावे येथे मुद्दाम दिलेली नाहीत. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांची नावे मात्र टाळता येत नाहीत, कारण सगळा घोळ त्यांच्या क्रमातच आहे.

अमेरिकेत निवडणुकीचे नियम मुख्यत्वे राज्य ठरवते आणि प्रत्यक्ष निवडणूक घेते ती काउंटी, म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. फ्लोरिडात ६७ काउंट्या आहेत आणि प्रत्येकीत एक निवडणूक अधीक्षक असतो. २००० साली हे पद बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडून दिलेले असे. मतपत्रिकेची मांडणी ठरवण्याचे बरेचसे स्वातंत्र्य २००० साली या अधीक्षकाकडे होते. पाम बीच ही अटलांटिक किनाऱ्यावरची अकरा लाखांहून अधिक वस्तीची काउंटी. तिच्यात निवृत्तीनंतर उत्तरेकडून येऊन स्थायिक झालेल्या वृद्धांची संख्या मोठी होती, नोंदणीकृत मतदार साडेसहा लाखांच्या आसपास होते आणि कल ठळकपणे डेमोक्रॅटिक पक्षाकडे होता. वृद्ध मतदारांची ही मोठी संख्या पुढच्या निर्णयात कळीची ठरली.

कायदा काय सांगत होता

नमुना मतपत्रिकेविषयी फ्लोरिडाच्या कायद्यातील तरतूद तशी सुटसुटीत होती. उमेदवारांची यादी पक्की झाल्यावर अधीक्षकाने मतपत्रिकेचा नमुना काउंटीत खप असलेल्या वृत्तपत्रात मतदानाच्या आधी प्रसिद्ध करावा. ज्या काउंटीकडे मतदारांना टपाल पाठवण्याची यंत्रणा आहे तिने वृत्तपत्राऐवजी किमान सात दिवस आधी प्रत्येक मतदाराला किंवा प्रत्येक घराला नमुना पाठवला तरी चालेल. शिवाय प्रत्येक मतदान केंद्रावर नमुने मतदारांना पाहण्यासाठी ठेवावेत.

याच्या जोडीला मतदानाच्या वेळचे दोन नियम लक्षात घ्यावे लागतात. मतदाराला कक्षात पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबता येत नसे. मतपत्रिका खराब झाली तर ती परत करून नवी मागता येई, मात्र एकूण तीनपेक्षा जास्त मिळत नसत. म्हणजे कायद्याची कल्पना अशी होती की, मतदाराने विचार घरीच करावा, कक्षात फक्त नोंद करावी, आणि चूक झालीच तर ती स्वतःच ओळखून दुरुस्त करून घ्यावी. ही कल्पना ज्या नमुन्यावर उभी होती त्या नमुन्यावरून मतदाराला खरोखर काय कळते, हे तपासण्याची जबाबदारी मात्र कायद्याने कोणावरही टाकलेली नव्हती.

समस्या : दहा नावे आणि छिद्रांची एक ओळ

फ्लोरिडात १९९८ साली राज्यघटनेत दुरुस्ती होऊन लहान पक्षांना मतपत्रिकेवर येणे सोपे झाले. त्याचा परिणाम म्हणून २००० साली राष्ट्राध्यक्षपदासाठी दहा जोड्या रिंगणात आल्या. पाम बीचमध्ये मतदान छिद्रपत्रांवर होत असे. मतदार एक कोरे कार्ड यंत्राच्या खाचेत सरकवी, त्यावर पुस्तकासारखी छापील पाने उलटत जाई आणि इच्छित नावासमोरच्या छिद्रात टोचणी दाबून कार्डाला भोक पाडी. कार्डावर कोणाचेही नाव नसे, केवळ क्रमांक असत. त्यामुळे मत टोचून झाल्यावर कार्ड हातात घेऊन पाहिले तरी आपण कोणाला मत दिले हे मतदाराला समजण्यासारखे नसे.

दहा जोड्या, प्रत्येकीत राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष अशी दोन नावे, वर पक्षाचे नाव; हा सर्व मजकूर एका पानावर बसवायचा तर अक्षर बारीक करावे लागणार होते. अधीक्षकांपुढचा प्रश्न एवढाच होता, आणि तो अगदी खरा होता.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय होता बारीक अक्षराचा. दहाही जोड्या एकाच स्तंभात, एकाच पानावर. राज्यातील इतर अनेक काउंट्यांनी हेच केले. पाम बीचच्या अधीक्षकांना तो नको होता, कारण वृद्ध मतदारांना अक्षर वाचता येणार नाही अशी त्यांची धास्ती होती. हेतू मतदाराच्या सोयीचाच होता, याविषयी नंतरच्या गदारोळातही फारसे कोणी शंका घेतली नाही.

दुसरा पर्याय होता नावे लागोपाठच्या दोन पानांवर विभागण्याचा. यातला धोका उघड आहे : पान उलटल्यावर मतदाराला वाटते की, ही नवी निवडणूक आहे, आणि तो पुन्हा एक मत टोचतो. हा पर्याय त्याच राज्यात उत्तरेकडील ड्युव्हल काउंटीने निवडला आणि तिथे नेमके तेच झाले; सुमारे २२ हजार मतपत्रिका एकाहून अधिक उमेदवारांना मत दिल्यामुळे राष्ट्राध्यक्षपदापुरत्या बाद ठरल्या. आपल्या विषयाच्या दृष्टीने ड्युव्हलची गोष्ट फारच बोलकी आहे. तेथे वृत्तपत्रातून वाटलेल्या नमुन्यावर ‘सर्व पानांवर मत द्या’ अशी सूचना छापलेली होती, तर प्रत्यक्ष मतपत्रिकेवर ‘योग्य त्या पानांवर मत द्या’ असे होते. जो मतदार नमुना घरी बारकाईने वाचून, ती सूचना मनात पक्की करून गेला, त्याचेच मत बाद होण्याची शक्यता अधिक. नमुना न वाचणारा त्यातल्या त्यात सुरक्षित, असा उफराटा प्रकार तेथे झाला.

तिसरा पर्याय अधीक्षकांनी स्वीकारला. अक्षर मोठे ठेवून नावे समोरासमोरच्या दोन पानांवर मांडायची, सहा जोड्या डावीकडे आणि चार उजवीकडे, आणि दोन्ही बाजूंसाठी छिद्रांची एकच उभी ओळ मधोमध. पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी दिसते म्हणून पुढे या मांडणीला ‘बटरफ्लाय बॅलट’ हे नाव पडले.

नावांचा क्रम अधीक्षकांच्या हातात नव्हता. राज्यपाल ज्या पक्षाचा, त्या पक्षाचे नाव पहिले, असा राज्याचा नियम होता. त्यामुळे डावीकडे सर्वांत वर रिपब्लिकन बुश, त्यांच्याखाली डेमोक्रॅट गोर. उजवीकडे सर्वांत वर रिफॉर्म पक्षाचे ब्युकॅनन. छिद्रांचे क्रमांक मात्र डावी-उजवी असे आलटून पालटून जात होते : बुश ३, ब्युकॅनन ४, गोर ५. डावे पान वरून खाली वाचणाऱ्याला गोर यांचे नाव दुसरे दिसे, आणि दुसरे छिद्र होते ब्युकॅनन यांचे. नावापासून छिद्राकडे नेणारे बाण छापलेले होते, क्रमांकही होते. परंतु नाव दुसरे म्हणून छिद्र दुसरे, हा हिशेब डोळा बाण बघण्याआधीच करून मोकळा होतो. त्यात भर म्हणून पानावर ‘गटाला मत द्या’ अशा अर्थाची सूचना होती. राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष मिळून एक गट, असा तिचा कायदेशीर अर्थ. पण दोन नावे, दोन छिद्रे, आणि ‘गट’ हा शब्द एकत्र वाचणारा मतदार दोन भोके पाडेल, ही शक्यता छापण्यापूर्वी कोणाच्या लक्षात आलेली दिसत नाही.

येथे या प्रकरणातला पहिला निर्णयबिंदू आहे. तिन्ही पर्यायांची तुलना ‘अक्षर वाचता येईल का’ या एकाच कसोटीवर झाली. ‘वाचल्यावर हात बरोबर छिद्राकडे जाईल का’ ही कसोटी लावलीच गेली नाही. बारीक अक्षरावर भिंगाचा किंवा केंद्रावरील मदतनिसाचा उपाय करता आला असता. चुकलेल्या छिद्रावर तसा उपाय नव्हता, कारण चूक झाल्याचे मतदाराला कळण्याची सोयच नव्हती.

नमुना पाठवला, पुढे काय झाले

अधीक्षकांच्या कार्यालयाने कायद्याच्या अपेक्षेपेक्षा कमी काहीच केले नाही. नमुना मतदारांना टपालाने पाठवला गेला, वृत्तपत्रात प्रसिद्ध झाला, आणि दोन्ही प्रमुख पक्षांनाही तो आधी पाहायला मिळाला. पक्षांकडून आक्षेप आला नाही. मतदारांकडूनही मतपत्रिका बदलावी लागेल अशी तक्रार आली नाही.

या शांततेचा अर्थ काय लावायचा, हा या प्रकरणातला खरा प्रश्न आहे. नंतर बचावाच्या बाजूने तिचा अर्थ संमती असा लावण्यात आला : सर्वांनी पाहिले, कोणाला अडचण वाटली नाही. मला हा युक्तिवाद कायद्याच्या दृष्टीने समजण्यासारखा वाटतो, पण वस्तुस्थितीच्या दृष्टीने लंगडा वाटतो. पक्षाचा कार्यकर्ता नमुना हातात घेतो तेव्हा तो काय पाहतो? आपल्या उमेदवाराचे नाव आहे ना, शुद्ध आहे ना, क्रमाने आहे ना, पक्षाचे नाव चुकलेले नाही ना. ते सगळे बरोबर होते. मतदार घरी नमुना पाहतो तो कोण कोण उभे आहे आणि घटनादुरुस्तीचे प्रस्ताव कोणते, हे समजून घेण्यासाठी. आपले बोट कुठे पडेल याची तालीम कोणी चहाच्या टेबलावर करत नाही. शिवाय टपालाने आलेल्या सपाट कागदाला खाच नव्हती, टोचणी नव्हती, कार्ड किंचित वर-खाली बसण्याचा प्रश्न नव्हता. उभे राहून वरून तिरके पाहिले असता बाण आणि छिद्र यांची रांग कशी दिसते, हे त्या कागदावरून कळणे शक्य नव्हते. नमुना कागदाचा होता आणि अडचण यंत्रात होती.

मतदानाचा दिवस

७ नोव्हेंबर २००० रोजी सकाळपासूनच तक्रारी सुरू झाल्या. बाहेर पडलेले मतदार एकमेकांशी बोलू लागले आणि आपण गोर यांच्याऐवजी ब्युकॅनन यांना मत दिले की काय, अशी शंका अनेकांना येऊ लागली. काहींना चूक कक्षातच लक्षात आली. त्यांनी बरोबर छिद्रही पाडले, आणि दोन भोके झाल्याने मत बाद झाले. नवी मतपत्रिका मागितली असता ती मिळाली नाही, अशाही तक्रारी पुढे नोंदवल्या गेल्या.

अधीक्षकांपुढे आता दुसरा निर्णयबिंदू होता. मांडणी बदलणे अशक्य होते. मतदान थांबवणे त्यांच्या अधिकारात नव्हते. उरला होता एकच मार्ग, तो म्हणजे सूचना देण्याचा. दिवस पुढे सरकल्यावर त्यांनी मतदान केंद्रांना एक ठळक अक्षरांतील पत्रक पाठवले. त्याचा आशय असा : येणाऱ्या प्रत्येक मतदाराला आठवण करून द्या की, राष्ट्राध्यक्षपदासाठी एकाच उमेदवाराला मत द्यायचे आहे, आणि ज्या उमेदवाराला मत द्यायचे त्याच्या शेजारच्या क्रमांकाच्या शेजारच्या बाणाच्या शेजारचे छिद्र टोचायचे आहे.

हे वाक्य एकदा मोठ्याने वाचून पाहावे. मांडणी किती अवघड होती याचा याहून चांगला पुरावा विरोधी वकिलालाही देता आला नसता. हीच सूचना, थोड्या सोप्या शब्दांत आणि एका चित्रासह, नमुन्यासोबत आधीच घरोघरी गेली असती तर तिचा काही उपयोग झाला असता. मतदान सुरू झाल्यावर ती देण्यात आणखी एक अडचण होती : सकाळी मत देऊन गेलेल्यांना ती मिळणार नव्हती, आणि दुपारी आलेल्यांना मिळाली तरी सर्व केंद्रांवर ती सारख्या रीतीने सांगितली जाईल याची हमी नव्हती.

आकडे काय सांगतात

काउंटीत सुमारे ४ लाख ६२ हजार मतपत्रिका पडल्या. त्यांपैकी १९,१२० मतपत्रिकांवर राष्ट्राध्यक्षपदासाठी एकाहून अधिक छिद्रे होती, म्हणजे जवळपास ४ टक्के. स्थानिक वृत्तपत्राने नंतर केलेल्या पाहणीत गोर आणि ब्युकॅनन या दोघांना टोचलेल्या ५,३३० मतपत्रिका आढळल्या. गोर आणि त्यांच्या खालच्या छिद्राचे उमेदवार मॅक्‌रेनॉल्ड्स यांना मिळून २,९०८. बुश आणि ब्युकॅनन यांना मिळून १,६३१. छिद्राच्या वर-खालच्या शेजाऱ्यांच्या जोड्याच इतक्या मोठ्या संख्येने याव्यात, हा निव्वळ योगायोग म्हणता येत नाही.

ब्युकॅनन यांना काउंटीत ३,४०० हून अधिक मते पडली. संपूर्ण फ्लोरिडात त्यांना जेमतेम साडेसतरा हजार मते होती, म्हणजे त्यांच्या राज्यातील मतांचा जवळपास पाचवा हिस्सा डेमोक्रॅटिक कल असलेल्या या एका काउंटीतून आला. इतकी मते आपली असतील असे खुद्द ब्युकॅनन यांनाही वाटले नाही आणि तसे त्यांनी जाहीरपणे सांगितले. राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात एक साधी पण निर्णायक तुलना होती. त्याच काउंटीतील टपाली मतदारांची मतपत्रिका या मांडणीची नव्हती. आणि मतदान केंद्रांवर ब्युकॅनन यांना मिळालेल्या मतांचे प्रमाण टपाली मतांतील प्रमाणाच्या सुमारे चौपट होते. दोन हजारांहून अधिक डेमोक्रॅटिक मतदारांचे मत चुकून ब्युकॅनन यांना गेले, असा त्यांचा निष्कर्ष होता. राज्याचा अंतिम निकाल ५३७ मतांच्या फरकाने बुश यांच्या बाजूने लागला.

न्यायालयात

काही मतदार न्यायालयात गेले. त्यांचे दोन मुख्य मुद्दे होते. एक, मतपत्रिका कायद्यातील नमुन्याबरहुकूम नव्हती, कारण खूण नावाच्या उजवीकडे करायची अशी तरतूद असताना येथे काही नावांची छिद्रे डावीकडे होती. दोन, मांडणीमुळे मतदारांची इच्छा मतांत उतरलीच नाही, म्हणून या काउंटीत फेरमतदान घ्यावे. पहिल्या मुद्द्याला उत्तर असे मिळाले की, उजवीकडची अट कागदी मतपत्रिकेची आहे. छिद्रपत्रांच्या यंत्रासाठीच्या वेगळ्या कलमानुसार मताची जागा नावाच्या पुढे किंवा मागे, कोठेही चालते. दुसऱ्या मुद्द्यावर कनिष्ठ न्यायालयाने २० नोव्हेंबरला निर्णय दिला की, राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीसाठी देशभर एकच दिवस ठरलेला असल्याने एका काउंटीपुरते फेरमतदान घेण्याचा अधिकार न्यायालयाला नाही. १ डिसेंबर २००० रोजी फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ही मतपत्रिका कायद्याशी निवडणूक रद्द करण्याइतकी विसंगत नाही, असे ठरवून प्रकरण संपवले.

फ्लोरिडाच्या न्यायनिर्णयांत आधीपासून एक तत्त्व रुळलेले होते : केवळ गोंधळ उडणे हा मतदानातला अडथळा ठरत नाही, जर पुरेसा वेळ घेऊन अभ्यास केल्यास तो गोंधळ सुटण्यासारखा असेल. हा ‘वेळ आणि अभ्यास’ मतदाराला कोठून मिळतो? कक्षातल्या पाच मिनिटांत नव्हे. तो मिळतो घरी आलेल्या नमुन्यातून. म्हणजे मतदाराच्या मदतीसाठी केलेली तरतूद वादाच्या वेळी त्याच्याच विरुद्ध उभी राहते : नमुना तुम्हाला मिळाला होता, तेव्हाच का बोलला नाहीत? न्यायालयाचा निर्णय चुकीचा होता असे मला म्हणायचे नाही. मतदानानंतर मतपत्रिकेच्या मांडणीवरून निवडणुका रद्द होऊ लागल्या तर कोणतीच निवडणूक टिकणार नाही. परंतु त्यामुळेच मतदानापूर्वीच्या तपासणीवर सगळा भार येतो, आणि तिथे कायद्याने केवळ ‘प्रसिद्ध करा’ इतकेच म्हटले होते.

परिणाम

फ्लोरिडाने २००१ मध्ये निवडणूक सुधारणा कायदा करून छिद्रपत्रे बंद केली. मतपत्रिकेच्या मांडणीचे समान नियम राज्याने ठरवावेत, पक्षनिरपेक्ष मतदार शिक्षणाचे किमान निकष आखावेत आणि अधीक्षकांनी ते राबवावेत, अशा तरतुदी आल्या. केंद्रात ऑक्टोबर २००२ मध्ये ‘हेल्प अमेरिका व्होट’ कायदा झाला. त्यानुसार केंद्रीय निवडणुकीच्या दिवशी प्रत्येक मतदान केंद्रावर नमुना मतपत्रिका, मतदानाची वेळ, मत कसे द्यायचे याच्या सूचना आणि मतदाराचे हक्क लावणे बंधनकारक झाले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एकाहून अधिक मते पडल्यास ते मतदाराला मतपत्रिका जमा होण्याआधी कळले पाहिजे, अशी अट आली. जेथे यंत्र हे करू शकत नाही तेथे जास्तीच्या मताचा परिणाम काय होतो, हे मतदाराला शिकवण्याचा कार्यक्रम घ्यावा लागतो. पाम बीचच्या अधीक्षकांचा २००४ च्या निवडणुकीत पराभव झाला.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे छापण्यापूर्वी चाचणी. एक यंत्र, छपाईची कच्ची पाने, आणि एखाद्या ज्येष्ठ नागरिकांच्या केंद्रातले पंधरा-वीस जण. त्यांना ‘अमुक उमेदवाराला मत द्या’ एवढेच सांगायचे आणि कार्ड तपासायचे. ज्या मांडणीने काउंटीत शंभरातल्या चार मतपत्रिका बाद केल्या, तिने वीस जणांत चूक दाखवलीच असती अशी खात्री देता येत नाही. पण किमान एकजण ‘हे भोक कोणाचे?’ असे विचारता, आणि तेवढा प्रश्न पुरेसा होता. ‘अक्षर मोठे हवे’ हा आग्रहही चाचणीतच तपासता आला असता.

दुसरा उपाय पक्षांना दाखवण्याच्या पद्धतीत आहे. नमुना पाठवून उत्तर न आल्यास संमती समजणे, ही कार्यालयीन सवय आहे. त्याऐवजी पक्षांच्या प्रतिनिधींना प्रत्यक्ष यंत्रावर मत देऊन पाहण्यास बोलावणे आणि आक्षेपासाठी ठरावीक मुदत देणे, याला वेगळा कायदा लागला नसता.

तिसरा उपाय नमुन्याच्या मजकुरात आहे. नमुना म्हणजे मतपत्रिकेची छोटी प्रत, अशीच समजूत सर्वत्र दिसते. त्यासोबत ‘मत कसे टोचायचे, चुकल्यास काय मागायचे’ याची चार ओळींची सूचना हवी होती. तीन मतपत्रिकांपर्यंत मिळण्याचा हक्क मतदाराला होता, पण आपल्याला तो आहे हे किती जणांना ठाऊक होते, याचा अंदाज त्या दिवशीच्या तक्रारींवरून करता येतो.

आपल्याकडे ही व्यवस्था निराळी आहे. निवडणूक आयोगाकडून घरी येते ती मतदार माहिती चिठ्ठी. २०२१ पासून तिच्यावर छायाचित्राऐवजी क्यूआर कोड आहे, आणि तिच्यात केंद्र, यादीतील अनुक्रमांक व मतदानाची वेळ असते, उमेदवारांची नावे नसतात. उमेदवारांची यादी केंद्राबाहेर लावली जाते. मतपत्रिकेचा नमुना उमेदवारच छापतात, आणि त्यात स्वतःचे नाव व चिन्ह योग्य जागी दाखवता येते, इतरांची नावे देता येत नाहीत. आकार व रंगही मूळ मतपत्रिकेसारखा चालत नाही. नाव, चिन्ह आणि बटण एका सरळ रेषेत असल्याने पाम बीचसारखी चूक आपल्या यंत्रावर होणे कठीण आहे. महापालिकांच्या बहुसदस्यीय प्रभागात मात्र एकाच मतदाराने तीन-चार बटणे दाबायची असतात, आणि ते समजावण्याचे काम तिथे राज्य निवडणूक आयोगाच्या जाहिरातींपेक्षा उमेदवारांचे कार्यकर्तेच जास्त करतात. स्वतःच्या पॅनेलपुरता मजकूर सांगणाऱ्या नमुन्यावर मतदाराने किती विसंबावे, हा वेगळा अभ्यासाचा विषय आहे.

फ्लोरिडात परत यायचे तर, २०१८ मध्ये शेजारच्याच ब्रॉवर्ड काउंटीत सूचनांचा तीन भाषांतील लांब मजकूर मतपत्रिकेच्या डाव्या स्तंभात वर आला आणि सिनेटची निवडणूक त्याच्या खाली कोपऱ्यात गेली. सूचनांखाली निवडणूक ठेवू नये, असे केंद्रीय निवडणूक साहाय्य आयोगाचे मार्गदर्शन तेव्हा उपलब्ध होते, पण ते ऐच्छिक होते. राज्यपालपदासाठी मत देणाऱ्यांपैकी सुमारे २५ हजार जणांनी सिनेटसाठी मतच दिले नाही. राज्यातील निकालाचा फरक १० हजारांच्या आसपास होता. यंत्र बदलले होते, जास्तीचे मत पकडण्याची सोय झाली होती, मांडणीचे राज्यव्यापी नियम होते, आणि नमुना मतपत्रिकाही कायद्याप्रमाणे मतदानापूर्वी प्रसिद्ध झालेली होती.